पन्नासचा हट्ट

सिंधू गोंधळेकरने सकाळपासून आठव्यांदा तोच आदेश टाइप केला, शेवटी ‘फ्रिक्वेन्सी साठ’ असं ठासून लिहिलं आणि एंटर दाबला. संगणकाने निमूटपणे प्रोग्रॅम बांधून दिला. तिने उघडून पाहिला. आत पन्नास!

“मी काय भिंतीशी बोलतेय?” ती पडद्यावरच खेकसली.

परदेशी ग्राहकाची मोटर साठ हर्ट्झवर चालणार होती, आपल्या विजेसारखी पन्नासवर नव्हे. चाचणीच्या पॅनेलचा प्रोग्रॅम चार वाजेपर्यंत दिला नाही, तर काम दुसऱ्या विभागाकडे जाणार होतं. भोपाळच्या या कारखान्यातल्या बारा वर्षांच्या नोकरीत तिच्या एकटीच्या नावावर आलेलं हे पहिलंच काम होतं.

विभागप्रमुख रवींद्र भागवत मागे येऊन उभे राहिले. ते मूळचे ग्वाल्हेरचे. “मॅडम, टायपिंग चेक करा. मशीन कधी झूठ नाही बोलत.”

तिच्या तळपायाची आग मस्तकात गेली. मग प्रोग्रॅम बांधताना संगणक ज्या सामाईक फाइलमधून नेहमीचे आकडे उचलतो, ती फाइल तिने ओळीओळीने वाचायला घेतली. दोनशे अकराव्या ओळीत चोर सापडला. फ्रिक्वेन्सी पन्नासच, आदेशात कोणी काहीही लिहिलं तरी! खाली नाव होतं अनंत गद्रे, तिचे तेव्हाचे साहेब, साल ब्याण्णव.

“कोण हे अतिशहाणपण करतं? मग आदेशात आकडा लिहायची सोय तरी कशाला ठेवायची?”

ओळ खोडायला दोन सेकंद पुरले असते. पण ज्याने ओळ लिहिली त्याची रजिस्टरात सही घेतल्याशिवाय ती काढायची नाही, अशी विभागाची रीत होती. मग तो माणूस निवृत्त का झालेला असेना. रवींद्र या बाबतीत फार काटेकोर. सिंधूने रजिस्टर पिशवीत कोंबलं आणि भर उन्हात कायनेटिक स्कूटर सोनागिरीतल्या गद्र्यांच्या घराकडे दामटली. वाटेत प्रत्येक फाटकाशी ती गद्र्यांना मनातल्या मनात लाखोली वाहत होती.

गद्रे अंगणात शेजाऱ्यांच्या कूलरला वाळ्याची नवी खस बसवत होते.

“अगं सिंधू! ये, पाणी घे आधी.”

“पाणी नको, साहेब. सही हवी. तुमच्या त्या ओळीने सकाळपासून माझा जीव खाल्लाय. कशासाठी घातली होती हो ती?”

गद्र्यांनी हात पुसले. रजिस्टरातली आपली जुनी नोंद पाहिली. कारणाच्या रकान्यात ‘सुरक्षेसाठी’ एवढाच शब्द होता.

“ब्याण्णवमध्ये चाचणीच्या टेस्टबेडवर एक मोटर जळाली होती, आठवते?”

“हो. तारांचं वाइंडिंग खराब होतं ना?”

“रिपोर्टात मी तसं लिहिलं. वाइंडिंग उत्तम होतं. आदेशात कोणीतरी पन्नासच्या जागी पाच टाइप केलं होतं. त्या दिवशी प्रोग्रॅम तू बांधला होतास. प्रोबेशनवर होतीस, घरात एकटी कमावती. नाव लिहिलं असतं तर नोकरी गेली असती. म्हणून आकडाच बांधून टाकला, म्हणजे पुन्हा कोणाच्या हातून होणार नाही.”

सिंधू ओट्यावर बसली. तिला रडू आलं, आणि सकाळपासूनच्या शिव्यांची भयंकर लाज वाटली.

गद्र्यांनी सही केली. “कारण लिही, ‘जुनी ओळ, आता गरज नाही.’ बास.”

तिने पेन घेतलं. मग लिहिलं, आणि गद्रे “अगं, अगं” म्हणेपर्यंत रजिस्टर मिटलं.

पावणेचारला तिने ते रवींद्रपुढे ठेवलं. त्यांनी दोनदा वाचलं. ‘ब्याण्णव साली पन्नासऐवजी पाच टाइप करून मोटर मी जाळली. त्यामुळे घातलेली ओळ काढत आहे. सिंधू गोंधळेकर.’

“हे लिहिणं जरूरी होतं का, मॅडम?”

“होतं. सकाळी तुम्ही टायपिंग चेक करायला सांगितलंत, तेव्हा मला राग आला होता.” ती खुर्चीत बसली. तिने दोनशे अकरावी ओळ खोडली. “आता पुन्हा टाइप करते. तुम्ही शेजारी उभे राहा आणि आकडा मोठ्याने वाचा.”

रवींद्र मग टेबलाला वळसा घालून आले, चष्मा लावला आणि वाकले.

“साठ,” त्यांनी वाचलं. “दाबा एंटर.”