नारळाच्या मापाचे टोपडे

मित्रांनो, टोकाला आकडा असलेली मी एक साधी क्रोशाची सुई. पोलादाच्या तारेचा तुकडा होते, कारखान्यात मला आकडा पाडला, झळाळी दिली आणि चिकपेटच्या दुकानातून सोयराबाईंनी मला चामराजपेटला घरी आणले. त्याला चाळीस वर्षे झाली. त्यांच्या हाताने मी रुमाल विणले, तोरणे विणली. पाहुणे रुमालाचे तोंडभर कौतुक करत, माझे नाव मात्र कुणी काढत नसे. पुढे सोयराबाईंची नजर अधू झाली आणि माझी रवानगी बटणांच्या डब्यात झाली. कधी बाहेर काढलेच तर परकराची नाडी ओवायला! त्याचा मला अजून राग आहे.

मग त्यांची मुलगी भूमिका शहराच्या दुसऱ्या टोकाला, बेळ्ळंदूरला नोकरीला लागली. बसने जायला दोन तास, यायला दोन तास. मोबाइल बघून डोळे दुखू लागले, तेव्हा तिने आईकडून टाके शिकून घेतले आणि मला पर्समध्ये टाकले. रिंग रोडच्या ट्रॅफिकला सगळी बस नावे ठेवी, आमची मात्र तेव्हाच चंगळ असे. बस थांबली की आमचे काम सुरू.

गेल्या महिन्यात भूमिकाची वहिनी सुप्रीता आठव्या महिन्यातच बाळंत झाली. बाळाला काचेच्या पेटीत ठेवले होते आणि आत फक्त आईबापांना सोडत. बाळाचे पहिले टोपडे आत्याचे, ही या घरची रीत. भूमिकाने न पाहिलेल्या भाचीसाठी पिवळ्या लोकरीचे टोपडे विणले. माप कुठून आणणार? स्वतःच्या गुडघ्यावर चढवून बघितले. मला शंका आली होती, पण सुईला कोण विचारतो?

त्या दिवशी चार वाजता बाळाला पहिल्यांदा आईच्या कुशीत देणार होते. भूमिका बेळ्ळंदूरच्या हॉस्पिटलला निघाली. बसमध्ये बसल्यावर तिने टोपड्याचा फोटो भावाला, विराटला पाठवला. लगेच त्याचा फोन आला.

"भूमी, हे वर्षाच्या पोरीचं झालं गं. नाकावर येईल तिच्या."

"स्वल्प मोठं आहे का, अण्णा?"

"स्वल्प नाही, खूप. डोकं एवढंसं आहे, देवाला देतो त्या लहान नारळाएवढं. राहू दे, आज इथलीच टोपी घालतो."

भूमिकाचा चेहरा उतरला. मला फार वाईट वाटले. शेजारच्या सीटवरच्या, बसमधल्या ओळखीच्या जमनाबाई मार्केटातून ओटीचे सामान घेऊन चालल्या होत्या. त्यांनी सगळे ऐकले होते. त्यांनी पिशवीतून एक सोललेला नारळ काढून भूमिकाच्या मांडीवर ठेवला.

"घे, ह्याच्यावर बेत. उसव ते."

"अक्का, तुमची ओटी?"

"सरी, असू दे, दुसरा घेते उतरल्यावर. तू हात चालव."

भूमिकाने टोपडे टाळूपर्यंत उसवले. मग आम्ही दोघींनी जी घाई केली, ती मी जन्मात केली नव्हती. बस हिसके देई, टाका निसटे, मी तो पुन्हा पकडी. दर दोन ओळींनी टोपडे नारळावर चढे. कंडक्टर तिकीट द्यायला आला आणि नारळाकडे बघतच राहिला.

"एन मा, काय गं, नारळाला थंडी वाजते?" तो म्हणाला. सगळी बस हसली, भूमिकाही हसली.

बेळ्ळंदूरच्या अलीकडे बस अडकली. एरवी मी खूश झाले असते. आज टोपडे पुरे व्हायला वेळ हवा होता आणि पोचायलाही. शेवटची गाठ बसली तेव्हा चार वाजायला वीस मिनिटे होती. भूमिका तिथेच उतरली आणि टोपडे व मला मुठीत धरून पळत सुटली.

हॉस्पिटलच्या दारातून विराट टोपडे घेऊन आत गेला. आम्ही बाहेर बाकावर बसलो. भूमिकाने मला अजून मुठीतच धरले होते. बऱ्याच वेळाने दार उघडले.

"आत्याबाई," विराट म्हणाला, "बरोबर बसलं. झोपलीय त्यात."

भूमिकाला आजवर कुणी आत्या म्हटले नव्हते. ती रडली आणि मी तिच्या मुठीत ओली झाले. पाण्याने पोलाद गंजते, पण त्या दिवशी मी तक्रार केली नाही.

मित्रांनो, तुमच्याही घरात माझी एखादी बहीण धूळ खात पडली असेल. तिला तेलाचे बोट लावा, पुसून लख्ख करा आणि प्रवासाला निघताना सोबत घ्या. कुठेतरी कुणाचे तरी डोके उघडे असेल.