वळण लागलेली सून

सकाळी शेजारच्या काकू चहाला आल्या. सून मान डावीकडे झुकवून, खाली बघत ट्रे घेऊन आली. सासूबाई अभिमानानं फुलून गेल्या.

"काय जादू केलीत हो?" काकू म्हणाल्या. "आमची अजून ताठ मानेनं फिरते!"

"वळण लावावं लागतं," सासूबाई म्हणाल्या.

वळण कसलं, डोंबल! कानाखाली मान टरारून सुजली होती, तापानं अंग भाजत होतं, पोरीला मान सरळच करता येत नव्हती. कान लहानपणापासून वाहायचा. लग्न मोडेल म्हणून माहेरच्यांनी लपवला. लग्नानंतर अब्रू जाईल म्हणून सासरच्यांनी. अगदी शोभणारी सोयरीक! परवा कान वाहायचा थांबला, तेव्हा घरात कोण आनंद. आतला पू गेला कुठे, हे एकाही शहाण्यानं विचारलं नाही.

भांडी घासताना ती कोसळली, तेव्हा आईची परवानगी घेऊन नवरोबांनी गाडी काढली.

डॉक्टरीणबाईंनी दात पाहिले, घसा पाहिला. तिथं काहीच नव्हतं. मग कानामागचं हाड दाबलं, तशी सून कळवळली.

"कान कधी वाहायचा का?"

"छे! आमच्याकडे असलं काही नाही," सासूबाई म्हणाल्या. "मान अवघडलीय, बस्स."

"मी तिला विचारतेय."

"ती मोठ्यांसमोर बोलत नाही." नवरोबांनी तोंड उघडलं ते एवढ्यासाठी!

डॉक्टरीणबाई भडकल्या. "कानातला पू हाड पोखरून मानेत उतरू शकतो. क्वचितच होतं, म्हणून कानाचं लपवलंत तर आम्हीही भलतीकडेच शोधत बसू. तोवर तो छातीत उतरला, तर ही जगायची नाही."

नवऱ्यानं आईकडे पाहिलं, आईनं छताकडे. सून काय, दुसरी आणता येते!

"वाहायचा," वाकड्या मानेनंच सून म्हणाली. "लहानपणापासून. दोघांनाही माहीत आहे."

लगेच स्कॅन झाला. पू मानेतच सापडला, ऑपरेशन झालं, आणि ती वाचली.

ती घरी आल्यावर काकू भेटायला आल्या. सून त्यांच्यासमोर बसली. मानेला पट्टी, पण मान सरळ.

"खाली बघ गं," सासूबाई कुजबुजल्या.

"नाही बघणार," ती सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाली. मग काकूंकडे वळली. "काकू, तुमची सून मान खाली घालायला लागली, तर आधी तिचा ताप बघा."