फरक शून्य

शिल्पाला पहिला संशय आला तो मिरचीमुळे.

ती बी.कॉम.च्या शेवटच्या वर्षाला होती. सकाळी अंबरपेठेत कौस्तुभसरांच्या क्लासला फॉक्सप्रो ही कॉम्प्युटरची भाषा शिकायची, दुपारी कॉलेज, आणि आठवड्यातून तीन दिवस संध्याकाळी बेगम बाजारात हिम्मतरावांच्या मसाल्याच्या पेढीवर कॉम्प्युटरवर बसायची. हे काम सरांनीच लावून दिलं होतं. पेढीचा प्रोग्रॅम त्यांनीच लिहिला होता. ते पुण्याहून आलेले, सत्तावीस-अठ्ठावीस वर्षांचे. शहाण्णव साल होतं. गल्लोगल्ली कॉम्प्युटरच्या पाट्या लागत होत्या आणि शिकवणारा कोण, कुठला, हे कुणी विचारत नव्हतं.

काम सोपं होतं. आलेल्या आणि गेलेल्या पोत्यांचं वजन टाकायचं. महिनाअखेरीस गोदामाचे दत्तोबा सगळा माल तोलून चिठ्ठी आणून देत, ते आकडे भरायचे. मग हिशेबातलं वजन आणि तोललेलं वजन ताडून पडद्यावर हिरव्या अक्षरांत उमटायचं – फरक शून्य.

पहिल्या महिन्यात तिला त्याचा अभिमान वाटला. एप्रिलअखेरीस मात्र ती पडद्याकडे बघत बसली. तिचे वडील नामदेवराव याच बाजारात तीस वर्षं काट्यावर तोलाईचं काम करत होते. फेब्रुवारीत चाळीस किलो भरलेलं मिरचीचं पोतं उन्हाळ्यात अडतीसवर येतं, हे गौलीगुड्यातल्या त्यांच्या घरात लहान पोरालाही ठाऊक होतं. मिरची वाळते, चिंच वाळते. मग इथे किलोचाही फरक कसा नाही?

त्या संध्याकाळी तिने दत्तोबांच्या चिठ्ठीवर होतं त्याहून वीस किलो कमी वजन टाकलं. फरक शून्य. दोनशे किलो कमी टाकलं. शून्य. शेवटी तिने सगळ्या मिरचीच्या जागी फक्त एक किलो लिहिलं. पडद्याने जरासा विचार केला आणि तेच उत्तर दिलं.

खरे आकडे पुन्हा भरून तिने मशीन बंद केलं, त्यावर कापडी खोळ घातली. दारात दत्तोबा उभे होते.

"झालं का बाई?"

"हौ, झालं."

ते किती वेळ उभे होते, हे तिला कळलं नाही.

त्यानंतर तिला सगळेच संशयास्पद दिसायला लागले. चिठ्ठी लिहिताना दत्तोबा आपल्याकडे पाठ का करतात? सर दर महिन्याला पेढीवर येऊन हिम्मतराव शेठजींबरोबर चहा घेतात, तो कशाबद्दल? आणि क्लासमध्ये गेले दोन महिने ते नुसते तक्ते छापायलाच का शिकवताहेत, प्रोग्रॅम आतून कसा चालतो ते का नाही? मुद्दाम तर नाही?

तिने सरांच्या कपाटातलं फॉक्सप्रोचं जाड पुस्तक मागून नेलं. "एवढ्यात कशाला? घाई आहे का?" त्यांनी विचारलं. तोही प्रश्न तिने मनात टिपून ठेवला.

तीन आठवडे ती ते पुस्तक घेऊन बसली. अर्धं डोक्यावरून गेलं. पण वजाबाकी कुठे होते, ते शोधण्याइतकं समजलं. मग एका संध्याकाळी, दत्तोबा गोदामात असताना, तिने पेढीचा प्रोग्रॅम उघडला. सहाशे ओळी होत्या. बोट ठेवून ती एकेक ओळ वाचत गेली आणि एका ठिकाणी थांबली. तिथे आधी हिशेबातलं वजन पुसायचं, त्या जागी दत्तोबांनी दिलेलं वजन लिहायचं आणि मग दोन्हींची वजाबाकी करायची, असं लिहिलेलं होतं. एकाच आकड्यातून तोच आकडा वजा केल्यावर शून्याशिवाय दुसरं काय येणार?

ती ओळ तिने वहीत उतरवली. रविवारी क्लास रिकामा असताना वही सरांसमोर ठेवली.

"सर, हे तुम्ही लिहिलंय?"

सरांनी ओळ वाचली. मग खुर्चीत मागे टेकले.

"फरक येत होता गं. पहिल्याच महिन्यात एकशे दहा किलो. मला वाटलं, माझंच कुठेतरी चुकतंय. पंधरा दिवस शोधत होतो. सापडेना. नवीन माणूस, पहिलंच गिऱ्हाईक... काय सांगणार होतो त्यांना? मग ही ओळ घातली."

"सर, मिरची वाळते."

"म्हणजे?"

"म्हणजे वजन घटतं तिचं. तुमचं काही चुकलंच नव्हतं."

त्यांचा चेहरा इतका कोरा झाला की तिला हसू यायला हवं होतं. आलं नाही. वर्षभर मिरचीची पोती मोजणारा प्रोग्रॅम लिहिणाऱ्याला एवढंही माहीत नसेल? की हे सोंग? तिला ठरवता येईना.

तरी दोघांनी मिळून ती ओळ काढली. नामदेवरावांना विचारून तिने प्रत्येक मालाची महिनावार घट लिहून आणली होती, तीही प्रोग्रॅममध्ये घातली. महिना संपला. मिरची जुळली, चिंच जुळली. जिरं मात्र दोनशे सत्तर किलो कमी निघालं. जिरं इतकं वाळत नाही.

कागद घेऊन दोघं हिम्मतरावांसमोर गेले. त्यांनी कागदाकडे पाहिलंच नाही. शिल्पाकडे पाहत राहिले.

"हे बघायला कुणी सांगितलं तुला?"

"कुणी नाही, शेठजी. आपोआप दिसलं."

"नामदेवरावांची पोरगी ना तू? भला माणूस." त्यांनी कागदाची चार घड्या घालून खिशात ठेवला. "जिऱ्याचं मी बघतो. पयलं होतं तेच बरं होतं. काइकू परेशान व्हायचं?"

दारातले दत्तोबा खाली बघत होते. चोरी पकडली गेल्याची भीती त्यांच्या चेहऱ्यावर नव्हती. मालकाची गोष्ट उघडी पडल्याचा संकोच होता. जिरं कुठे जातं हे पेढीवर सगळ्यांना ठाऊक होतं, आणि ते शेठजीच बिलाशिवाय विकत होते.

रस्त्यावर आल्यावर सर म्हणाले, "वर्षभर शून्य येत होतं, तरी त्यांनी एकदाही विचारलं नाही. मला वाटायचं, माझ्या कामावर खूश आहेत."

"खूशच होते," शिल्पा म्हणाली. "आता काय करणार?"

"आता नाही ती ओळ घालणार," सर म्हणाले. तिने मान हलवली.

पुढच्या शनिवारी पेढीवर बसल्याबरोबर तिने प्रोग्रॅमच्या फाइलवरची तारीख पाहिली. मंगळवारची होती. मंगळवारी ती इकडे आलीच नव्हती. तिने फाइल उघडली. घटीचे आकडे गेले होते आणि जुनी ओळ आपल्या जागेवर येऊन बसली होती.

तिने त्या दिवशीच्या नोंदी नीट पुऱ्या केल्या. निघताना हिम्मतरावांना सांगितलं की परीक्षा जवळ आलीय, आता येणं जमणार नाही. त्यांनी तिला थांबवलं नाही. जाताना दत्तोबांनी कागदात बांधलेलं किलोभर जिरं पुढे केलं. शेठजींनी दिलंय म्हणाले. तिने ते काउंटरवरच ठेवलं.

सोमवारी ती क्लासला गेली. सरांनी तिची नजर टाळली. फळ्याकडे तोंड करून ते शिकवायला लागले, आणि त्या दिवशी खरोखरच प्रोग्रॅम आतून कसा चालतो ते शिकवलं. छान शिकवलं. शिल्पाने क्लास सोडला नाही. तिच्या ओळखीत एवढं येणारा दुसरा कुणी नव्हता. तास संपल्यावर सगळ्या मुलांनी तयार उदाहरणांची फ्लॉपी सरांकडून घेतली. ती मात्र सगळी मुलं जाईपर्यंत मशीनसमोर बसून राहिली, फळ्यावरची प्रत्येक ओळ स्वतः टाइप करत, आणि प्रत्येक ओळ काय करते ते कळल्याशिवाय पुढच्या ओळीला हात न लावता.