लाल ठिपक्याची जागा

बायको मारिट गेल्याचा फोन आला तेव्हा ऑरिन तळघरात स्पीकरच्या तारांची टोकं पुसत बसला होता. ती बहिणीबरोबर तपासणीला हॉस्पिटलात गेली होती. "जेवायच्या आत येते, तोवर तारा स्वच्छ करून ठेव," असं दारातून सांगून. तिथेच तिचं हृदय थांबलं. ऑरिनने फोन ठेवला, उरलेली एक तार पुसली आणि मग वर आला.

अमेरिकेत डुलुथ गावातल्या त्यांच्या घरातले स्पीकर कपाटाएवढे होते. खालचा जड आवाज काढायला ट्रान्झिस्टरचा दणकट अँप्लिफायर आणि वरच्या कर्ण्याला जुन्या रेडिओतल्यासारख्या काचेच्या व्हॉल्व्हचा, अगदी लहानगा. मोठा बैलासारखा ओढायचा, पण त्याच्यात गाणारीचा श्वास यायचा नाही. तो लहानग्यात होता. दोघांचा मेळ मात्र सहज बसत नव्हता. लहानग्याचं बटण जरा वर गेलं की गाणारी किंचाळायची, जरा खाली आलं की ढोल तिला गिळायचा. ऑरिन आणि त्याचा मित्र डेल्बर्ट आवाज मोजायचं मीटर लावून सबंध हिवाळा झगडले होते.

मारिटने ते स्वयंपाकघरातून जमवलं. नळ सोडून भांडी घासता घासता ओरडायची, "कमी कर. अजून. आता थांब!"

"अगं, समोर येऊन ऐक तरी," ऑरिन म्हणाला होता.

"समोर बसलं की सगळंच छान वाटतं तुम्हाला. हॉलमध्ये कुणीतरी आलंय, असं इथून वाटलं पाहिजे."

आणि वाटलं. तिने हात पुसून नखांचं लाल पॉलिश आणलं आणि बटणाच्या काट्यासमोर ठिपका दिला. असे कान ऑरिनने दुसऱ्या कुणाचे पाहिले नव्हते.

ती गेल्यावर पहिल्याच थंडीत लहानग्याचा एक व्हॉल्व्ह मेला. ऑरिनने नवा बसवला आणि काटा ठिपक्यावर आणून ठेवला. गाणारी किंचाळायला लागली. चर्चमधल्या बायकांनी सांत्वनाला येताना आणलेल्या हॉटडिशची, म्हणजे ओव्हनमध्ये भाजलेल्या जेवणाची, भांडी परत करायला तो गेला, तेव्हा 'संगीत ऐकतोस ना?' असं त्यांनी विचारलं. तो हो म्हणाला. खरं तर लावायचा आणि बंद करायचा.

डेल्बर्ट आला. दोन मिनिटं ऐकून म्हणाला, "लेका, हिच्या शेपटीवर पाय पडलाय का कुणाचा?"

"ठिपक्यावरच आहे."

"ठिपका जुन्या व्हॉल्व्हचा आहे. नवा जास्त जोरकस आहे. बटण खाली घे."

"ते मारिटने लावलंय."

"तिने आवाज लावला होता, बाबा. बटण नाही."

ऑरिन उठला. स्वयंपाकघरात गेला आणि नळ सोडला. एक स्वच्छ बशी परत घासायला घेतली.

"कमी कर," तो ओरडला. "अजून. अजून थोडं."

"मीटर आणू का?"

"गप्प बस आणि फिरव."

पाण्याच्या आवाजापलीकडे गाणारी हळूहळू किंचाळायची थांबली. मग श्वास घेतला तिने. ऑरिनचे हात थांबले. हॉलमध्ये कुणीतरी येऊन बसलं होतं.

"कॉफी घेणार?" त्याने मागे न बघता विचारलं.

"घेईन की," डेल्बर्ट म्हणाला.

"तुला नाही विचारलं."

डेल्बर्टला कळलं. तो गाणं संपेपर्यंत बटणाजवळच उभा राहिला. काटा ठिपक्याच्या बराच खाली आला होता. याहून बारीक फरकही मारिटला भांड्यांच्या खणखणाटातून ऐकू यायचा, याचं ऑरिनला पुन्हा नवल वाटलं.

जाताना डेल्बर्टने ड्रॉवरमधून पॉलिशची बाटली काढून दिली. "खूण करून टाक. धूळ पुसताना बटण हललं तर परत सगळी भांडी घासावी लागतील."

ऑरिन आता रोज संगीत ऐकतो, बहुतेक वेळा स्वयंपाकघरातून. बाटली अँप्लिफायरच्या शेजारी आहे. नवा ठिपका अजून द्यायचा आहे.