सहावा लाल

"काका, धरा की घट्ट! हा शेवटचा!"

टाक्या सांभाळणाऱ्या काकांनी खेकड्याच्या नांग्या मागून आवळल्या. संशोधन करणाऱ्या बाईनं त्याच्या पोटाखालून थेंब घेतला नि सूक्ष्मदर्शकाखालच्या काचेवर सोडला.

सगळे नरच. लाल ठिपक्याचे सहा, निळ्या ठिपक्याचे सहा. लालवाल्यांचं एक जनुक बाईनं सुई टोचून गप्प केलेलं. निळ्यांना नुसतं खारं पाणी. खेकड्याच्या शुक्राणूला शेपूट नसतं, चांदणीसारखे काटे असतात. ते काटे याच जनुकामुळे फुटतात, असं बाईचं म्हणणं. मोठे सर म्हणत, "थापा. हिला हवं तेच दिसतं." चार वाजता ते येणार होते. सहाच्या सहा लाल बाईच्या म्हणण्याशी जुळले नाहीत तर टाक्या रिकाम्या, काम बंद.

पाच लाल जुळले होते. दर वेळी बाई स्टुलावरच नाचायची, "गोल! बिनकाट्यांचे!" नि काकांनाही उगाच हसू फुटायचं.

या वेळी ती नाचली नाही.

"काटे आहेत, काका."

"नीट बघा की."

"नीटच बघतेय. भरगच्च काटे. संपलं सगळं."

 जनुकबिनुक काकांना कळत नव्हतं, पण मागल्या आठवड्यातलं ठाऊक होतं. सहावा लाल नि सहावा निळा, दोघांनी एकदम कात टाकली, कवचाबरोबर ठिपकेही गेले. टाक्या धुताना दोघं एकाच बादलीत. मग काकांनी ब्रश उचलला, अंदाजानं रंग दिला नि तोंड शिवून घेतलं.

पावणेचार झाले होते.

"बाई, सहावा निळा बघितलात?"

"तो कशाला? साधा आहे तो."

"बघा तर. मग मला काय हाणायचं ते हाणा."

नि एका दमात त्यांनी सगळं ओकून टाकलं.

 बाईनं स्वतःच निळा उचलला. त्यानं नांगीत तिचं बोट धरलं, तरी तिनं सोडला नाही. थेंब. काच. डोळा.

काका आपल्या ओल्या बुटांकडे बघत उभे.

धाडकन स्टूल पडलं.

"गोल! अहो, गोल! मघाचा मी लाल समजून बघितला, तरी काटेच दिसले, काका! आता सर कसे म्हणतील, मी हवं तेच बघते म्हणून?"

काकांना अर्धंच कळलं. बाहेर सरांचे बूट वाजले.

"रंगाचं मी सांगते," बाई घाईनं म्हणाली. "माझ्याकडून चुकलं म्हणून."

"वा! अकरा वर्षांत एक चूक केली, तीही तुम्हीच घेणार?"

काकांनी ओले हात शर्टाला पुसले नि दार उघडायला स्वतः पुढे झाले.