आडवी आवडली तर घ्या

मित्रांनो, मी एक जुनी मोटारसायकल आहे. रंग मूळचा लाल. आता कसला, ते तुम्हीच ठरवा. माझे इंजीन दोनशे तेवीस सीसीचे, म्हणजे बेताचेच. अमेरिकेतल्या आमच्या आयडाहो राज्याच्या डोंगरातली पोरे माझ्या आवाजाला हसतात आणि मला शिवणयंत्र म्हणतात. मी राग मानत नाही. शिवणयंत्र कोणाच्या घरात बेकार बसलेले मी तरी ऐकले नाही.

माझी जात मधली. मला दिवे आहेत, आरसे आहेत, भोंगा आणि नंबराची पाटी आहे, म्हणून डांबरी रस्त्यावर पोलीस मला अडवत नाहीत. माझे पोट जमिनीपासून उंच, टायर खोल खाचांचे आणि अंग हलके, म्हणून दगडधोंड्यांची पाऊलवाटही मला अडवत नाही. दोन्हीकडे चालणारी गाडी कुठेच पहिली येत नाही, हेही कबूल करते. हमरस्त्यावर ताशी पंचावन्न मैलांच्या पुढे मला पळवले की माझा नटबोल्ट न् नटबोल्ट कुरकुरायला लागतो.

जन्म जपानमधल्या एका कारखान्यात झाला. तिथले फारसे आठवत नाही. लाकडी खोक्यातून समुद्र ओलांडून आले आणि ऑरिन स्टॅडलर नावाच्या माणसाच्या हाती पडले. ऑरिन वनखात्यात पाऊलवाटा मोकळ्या करायचे काम करी. हिवाळ्यात बर्फाच्या भाराने झाडे वाटेवर आडवी पडतात. वसंत आला की तो माझ्या सीटमागच्या सामानाच्या पट्टीवर करवतयंत्र बांधायचा आणि आम्ही निघायचो. दिवसाला चाळीस-पन्नास झाडे कापली जात. संध्याकाळी माझ्या सीटवर लाकडाचा भुसा आणि त्याच्या मिशीत लाकडाचा भुसा. तीस वर्षे असे चालले. एवढ्या वर्षांत मी त्याला किती वेळा पाडले आणि त्याने मला किती वेळा उचलले, त्याची मोजदाद आम्ही दोघांनीही ठेवली नाही.

मग त्याचा खुबा गेला. शस्त्रक्रिया झाली, काठी आली. सीटवरून पाय पलीकडे टाकणे त्याला जमेना. मला कोठारात गवताच्या गठ्ठ्यांशेजारी उभे केले. ऑरिन दर रविवारी यायचा, मऊ फडक्याने माझी टाकी पुसायचा, आरशात स्वतःची मिशी बघायचा आणि परत जायचा. सुरुवातीला मला फार बरे वाटे. पण मित्रांनो, वर्षभरात माझ्या कार्बोरेटरमधले पेट्रोल काकवीसारखे घट्ट झाले. दुसऱ्या वर्षी एअर फिल्टरच्या डब्यात उंदरांनी घर केले. टाकी मात्र लखलखत होती. हे कोणाला सांगणार? मला तोंड नाही, आणि ज्याला कान होते तो टाकीवरच खूश होता.

पाचव्या वर्षी त्याची बायको व्हेल्मा म्हणाली, "ऑरिन, विकून टाक आता. कोणाच्या तरी कामाला येईल."

"विकतो की," ऑरिन म्हणाला. "योग्य माणूस भेटू दे."

आता त्याची विकायची रीत ऐका. गिऱ्हाईक आले की तो मला अंगणात न्यायचा. त्यांचे अंगण ओढ्याच्या बाजूला उतरते आहे. तिथे तो मला कुशीवर आडवे निजवायचा आणि काठीवर रेलून म्हणायचा, "दुकानात गाडी उभी असते. डोंगरात ती आडवी असते. तेव्हा आडवी आवडली तर घ्या. एकट्याने उचलून दाखवा आणि घेऊन जा."

म्हणणे शहाणपणाचे होते. पहिली गाडी घेणारा माणूस नेमकी हीच चूक करतो. स्टँडवर उभी असलेली गाडी बघून भाळतो आणि ती अंगावर पडेल तेव्हा काय, हे विचारत नाही. पण ऑरिनची एक लबाडी होती आणि ती फक्त मला ठाऊक होती. तो मला चाके चढाकडे आणि हँडल उताराकडे करून निजवायचा. अशी निजवलेली गाडी उचलायची म्हणजे तिचे सगळे ओझे डोंगरावर ढकलायचे. दोन उन्हाळ्यांत सात जण आले. त्यांत एक तर दंडाला मापाचा सदरा न मिळणारा पहिलवान होता. सातही जण घाम पुसत परत गेले. प्रत्येक वेळी ऑरिन चुकचुकायचा आणि प्रत्येक वेळी त्याचा चेहरा उजळायचा. ऑरिन खोटारडा नव्हता. त्याला मला सोडवत नव्हते, एवढेच.

तिसऱ्या उन्हाळ्यात, जूनच्या पहिल्या आठवड्यात, मिरेन इतुर्बे आली. पन्नाशीची, ठेंगणी, उन्हाने रापलेली बाई. तिचे आजोबा स्पेनच्या बास्क मुलखातून मेंढपाळ म्हणून या डोंगरात आले होते. तिचे बालपण मेंढ्यांमागे गेले आणि पुढची तीस वर्षेही. दोन वर्षांपूर्वी कळप विकावा लागला, तेव्हापासून ती गावातल्या शाळेच्या स्वयंपाकघरात बटाटे सोलत होती. आता वनखात्याने तिला थिंबल शिखरावरच्या टेहळणीच्या बुरुजावर उन्हाळाभर वणव्यांवर नजर ठेवायचे काम देऊ केले होते. त्या कामासाठी ती जीव टाकत होती. त्या शिखराच्या उतारांवर तिने मेंढ्या चारल्या होत्या. तिथे परत जायचे होते तिला.

अडचण एकच होती. गावापासून चाळीस मैल डांबरी रस्ता, पुढे अकरा मैल पाऊलवाट. आठवड्यातून सुट्टी एक दिवसाची. गावात चौऱ्याऐंशी वर्षांची आई, तिला त्या दिवशी भेटायलाच हवे. गुडघा अकरा मैल चालण्याचा राहिला नव्हता. वनखात्याच्या बाईने स्पष्ट सांगितले होते, जाणे-येणे तुझे तू बघ. अठ्ठावीस जूनला दुपारी बाराच्या आत बुरुजावरून बिनतारी संदेश आला पाहिजे, नाहीतर जागा दुसऱ्याला.

मिरेनचा भाऊ शाबी तिच्याबरोबर आला होता. त्याची स्वतःची साडेसहाशे सीसीची धिप्पाड गाडी होती आणि बहिणीनेही तसलीच घ्यावी असा त्याचा हट्ट होता.

"अगं, हे काय शिवणयंत्र," तो मला बघून म्हणाला. "सहा महिन्यांत कंटाळशील. घ्यायची तर एकदाच मोठी घ्यावी."

"तुझ्या मोठीवर बसले होते ना परवा," मिरेन म्हणाली. "पायांची बोटं टेकत होती नुसती. खडीवर आडवी झाली आणि मी तीन तास तिच्या शेजारी बसून राहिले. शेवटी दोन मेंढपाळ आले."

"सवय होते."

"कशाची, बसून राहायची?"

व्हेल्मा दारात उभी राहून हसली. ऑरिन मात्र हसला नाही. त्याने मला नेहमीच्या जागी नेले, नेहमीसारखे निजवले आणि नेहमीचे बोलून दाखवले.

मिरेन लगेच वाकली नाही. ती माझ्याभोवती एक चक्कर मारून आली. मग तिने हँडलला हात न लावता माझे मागचे चाक धरले आणि मला ओढायला सुरुवात केली. मी गवतावरून घसरत, कुशीवरच, गोल फिरले. माझी चाके उताराकडे झाली आणि हँडल चढाकडे आले. तिने चाकांखाली एक एक धोंडा सारला, वरच्या बाजूला उभी राहिली, हँडल आणि मागची पट्टी धरली आणि एका दमात मला उभे केले.

शाबीने शीळ घातली.

"हे चालायचं नाही," ऑरिन म्हणाला. "तू फिरवलीस तिला."

"मेंढी उताणी पडली आणि पाय चढाकडे असले की ती उठत नाही, मिस्टर स्टॅडलर," मिरेन शांतपणे म्हणाली. "कितीही ढकला. पाय उताराकडे करून दिले की आपली आपण उठते. आमच्याकडे सहा वर्षांच्या मुलीलाही हे येतं. तुम्ही तर इतकी वर्षं डोंगरात काढलीत. तुम्हाला माहीत नाही असं कसं होईल?"

ऑरिनचे कान लाल झाले. व्हेल्माने नवऱ्याकडे पाहिले, मग अंगणाच्या उताराकडे पाहिले, आणि इतक्या वर्षांची बायको असल्यामुळे तिला सगळे एकदम समजले.

"सात माणसं, ऑरिन," ती म्हणाली. "सात."

शब्द दिलेला होता. ऑरिनने खिशातून किल्ली काढली. पण देण्याआधी, मी कशी चालते ते दाखवावे म्हणून त्याने शाबीला किक मारायला सांगितली. शाबीने मारली. दहा वेळा, वीस वेळा मारली. मी नुसती खोकले. ऑरिनने बाजूचे झाकण उघडले तर उंदराचे पिल्लू उडी मारून पळाले.

मला आजही त्याचा तो चेहरा आठवतो. म्हातारा बराच वेळ फिल्टरच्या डब्यातल्या काडीकचऱ्याकडे बघत राहिला. "मी दर रविवारी पुसायचो हिला," तो म्हणाला.

"तोंड पुसायचास," व्हेल्मा म्हणाली. तिच्या आवाजात टोमणा होता, पण मायाही होती. "पोटात काय चाललंय ते कधी बघितलं नाहीस."

मिरेनने तेव्हा माघार घेतली असती तर कोणी नावे ठेवली नसती. हातात तीनच आठवडे होते. पण ती पायरीवर बसली, व्हेल्माने आणलेला हकलबेरी या रानफळाचा मुरंबा आणि पाव खाल्ला आणि विचारले, "दुरुस्तीला किती दिवस?"

"चार," ऑरिन म्हणाला. "आणि चालवायला शिकवीन मी. दुसऱ्या कोणाकडे जायचं नाही."

त्याने मला कोठाराच्या दारात उजेडात आणून पूर्ण उघडले. कार्बोरेटर धुतला, चेन बदलली, नवे टायर चढवले. मिरेनचे पाय नीट टेकावेत म्हणून सीटमधला स्पंज सुरीने दोन बोटे कापला. मग कुरणात शिकवणी सुरू झाली. खडबडीत जागी उभे राहून चालव, गुडघे सैल ठेव, चाकापुढच्या दगडाकडे बघू नकोस, जायचे आहे तिकडे बघ. डांबरी रस्त्यावर टायरमध्ये हवा पूर्ण भर, पाऊलवाट लागली की निम्मी सोड. मिरेन पडायची, उठायची, पुन्हा पडायची. शाबी कुंपणावर बसून शेरे मारायचा. तिसऱ्या दिवशी त्याचे शेरे कमी झाले, पाचव्या दिवशी त्याने गुपचूप विचारले, "मला एक फेरी मारू देतेस?"

अठ्ठावीस जूनला सकाळी आम्ही निघालो. ऑरिन आणि व्हेल्मा मागून त्यांच्या ट्रकमधून आले. चाळीस मैल मी पंचेचाळीसच्या वेगाने सुखाने कापले. पाऊलवाटेच्या तोंडाशी ऑरिन खाली उतरला, काठी बाजूला टाकली, कसाबसा वाकला आणि माझ्या दोन्ही टायरांतली निम्मी हवा स्वतःच्या हाताने सोडली. उठताना त्याने माझ्या सीटचा आधार घेतला. हात थोडा जास्त वेळ तिथे राहिला.

"पहिल्या गिअरमध्ये जा," तो मिरेनला म्हणाला. "घाई करू नकोस. ती तुला पाडेल, पण दगा देणार नाही."

सात मैल आम्ही नीट चढलो. एका वळणावर मी तिला पाडले, ती मला शिव्या देत उठली, आणि ऑरिन द्यायचा त्याच शिव्या असल्यामुळे मला घरच्यासारखे वाटले. आठव्या मैलावर मात्र वाट अडली. सावलीतल्या घळीत जुना बर्फ साचून राहिला होता, वाटेवर तिरपा, पन्नास पावले रुंद. खाली दरी. घड्याळात साडेदहा वाजले होते.

मिरेन खाली उतरली. तिने बुटाच्या टाचेने बर्फात पायवाट खोदायला सुरुवात केली, माझ्या टायरएवढी अरुंद. मग सामान काढून खांद्यावर पलीकडे नेले. परत येऊन तिने मला पहिल्या गिअरमध्ये टाकले आणि माझ्या चढाकडच्या बाजूने चालत, क्लच चिमटीत धरून, मला हळूहळू पुढे नेले. एकदा माझे मागचे चाक दरीकडे घसरले. तिने कमरेचा जोर लावून मला आपल्याकडे ओढले आणि धरून ठेवले. मित्रांनो, तिथे शाबीची धिप्पाड गाडी असती तर ती आणि मिरेन एकत्र खाली गेल्या असत्या. मी अडीचशे पौंडांची आहे. अडीचशे पौंड एक हट्टी बाई धरून ठेवू शकते.

बाराला दहा मिनिटे असताना आम्ही बुरुजाखाली पोहोचलो. ती जिना चढून गेली. खिडक्या उघडल्याचे आवाज आले, मग बिनतारी यंत्राची खरखर, मग तिचा आवाज. "थिंबल बुरुजावरून मिरेन इतुर्बे बोलतेय. मी पोहोचले." ती रडत होती आणि खालच्या कचेरीतली बाई पुन्हा पुन्हा विचारत होती, "थिंबल, सगळं ठीक आहे ना?"

पुढच्या आठवड्यात सुट्टीच्या दिवशी आम्ही खाली आलो. आईला भेटून मिरेन ऑरिनच्या घरी गेली. तो झोपला होता. मग व्हेल्माने तिला त्या दिवशीची गोष्ट सांगितली आणि मी अंगणात उभी होते म्हणून मलाही ऐकू आली. आम्ही झाडीत दिसेनासे झाल्यावर ऑरिन ट्रकच्या मागच्या फळीवर बसून राहिला होता. वाट डोंगराला वळसे घेत चढते, त्यामुळे माझा आवाज मध्येच विरायचा, मध्येच वरच्या कड्यावरून परत यायचा. तो अगदी पुसट होऊन थांबेपर्यंत ऑरिन जागचा हलला नाही.

"तीस वर्षं हिच्यावर बसलो, व्हेल्मा," तो म्हणाला. "पण हिचा आवाज लांबून कसा येतो, ते आज पहिल्यांदा ऐकलं."

म्हणून मित्रांनो, माझे एवढेच मागणे आहे. पहिली गाडी घेताना ती स्टँडवर कशी दिसते ते बघू नका, तुम्ही दोघे पडल्यावर कोण कोणाला उठवणार ते बघा. घेतल्यावर तिची चेन, तिचा फिल्टर, तिचे पेट्रोल सांभाळा. आणि तुमच्या कोठारात माझ्यासारखी एखादी लखलखीत उभी असेल, तुम्हाला आता तिच्यावर बसवत नसेल, तर तिला सपाट जागेवर निजवा आणि येणाऱ्याला उचलू द्या.