झाकणावरची उत्तरं

मी पत्र्याचा डबा. बोलणं हे माझं काम नव्हे, वाजणं हे माझं काम. पण सध्या पोटात एकही कागद नाही, आणि रिकाम्या डब्याचा आवाज जरा मोठाच येतो. ऐकायचं तर ऐका. रडगाणं समजून ऐकू नका, एवढंच.

छपराच्या पन्हळी करून उरलेल्या पत्र्याचा मी. ज्याने मला केलं तो पत्रेवाला. गल्लीच्या टोकाला त्याचं दुकान. एक खिडकी, एक ऐरण, भिंतीवर ओळीने टांगलेल्या कात्र्या. शाळा चौथीत सुटली. पण पत्रा डोळ्यांनी मोजायचा आणि केसभर चुकायचा नाही. बोलणं मोजकं. एक घाव दोन तुकडे. गिऱ्हाइकाने "थोडं कमी करा की" म्हटलं, तर हातातली वस्तू उचलून परत खिळ्याला अडकवायचा. झालं बोलणं.

त्याची बायको शाळेच्या ग्रंथालयात होती. पुस्तकांना कव्हरं घालायची, नंबर टाकायची. अक्षर असं, की छापील वाटावं. लग्नानंतर महिनाभरात ती त्याला म्हणाली, "अहो, कागद ठेवायला काहीतरी करा. उशीखाली कागद ठेवणारा माणूस मी जगात एकच पाहिला."

त्याने दुपारी कात्री घेतली. दिवे लागायच्या आत मी तयार. कडा मुडपून घेतल्या, बोट कापू नये म्हणून. कोपरे कथील ओतून झाळले. झाकण मात्र घट्ट बसवलं.

"उघडताना जोर लागतो हो," ती म्हणाली.

"लागू दे. कागद म्हणजे खेळणं नाही."

अशी माझी नेमणूक झाली. घरभाड्याची पावती, विम्याचा कागद, तिच्या पगाराची चिठ्ठी, जे येईल ते माझ्या पोटात. त्याचा एक नियम होता. जो कागद डब्यात पडला तो खरा. खोटा कागद या डब्यात पडणार नाही. लोक देवापुढे शपथ घेतात, तो माझ्यावर हात ठेवायचा. मला त्याचा ताठा होता. खोटं कशाला सांगू, अजून आहे.

पुढे कर भरायच्या विवरणाचे छापील फॉर्म बंद झाले. सगळं कॉम्प्युटरवर आलं. सॉफ्टवेअर प्रश्न विचारणार, आपण उत्तरं द्यायची. पत्रेवाला म्हणाला, "यंत्राला मी उत्तरं देणार नाही. मी काय त्याचं खाल्लंय?"

ती म्हणाली, "यंत्राला नका देऊ. मला द्या. मी त्याला सांगते."

मग ते दर वर्षीचं झालं. ठरलेल्या रविवारी जेवणं उरकली की ती टेबल पुसायची. मधोमध मी. एका बाजूला ती आणि लेकीचा जुना लॅपटॉप. समोरच्या खुर्चीत हा, गुडघ्यांवर हात ठेवून, साक्षीदाराच्या पिंजऱ्यात बसल्यासारखा. ती एकेक प्रश्न वाचायची. सरकारी भाषा त्याच्या डोक्यावरून जायची. मग ती तो प्रश्न सोलून त्याच्या हातात ठेवायची.

"पत्ता बदललाय का?"

"तू कुठं गेलीस का? मग मी कुठं जाणार?"

"परदेशात काही मालमत्ता?"

"आहे म्हण. सगळी पुरून ठेवलीय."

"अहो, याला थट्टा कळत नाही. खरंच पोलीस येतील."

मग ती पुढचा प्रश्न वाचायची. "तुमच्यावर कोण अवलंबून आहे, विचारतंय."

"तूच."

"मी? माझा पगार येतो महिन्याच्या महिन्याला. उलट लिहायला हवं खरं तर. पण तसा रकाना नाही यांच्याकडे."

तो हसायचा नाही. मिशी तेवढी हलायची.

दोन-तीन वर्षांत तिच्या लक्षात आलं, प्रश्न तेच ते असतात. तिने एका कागदावर सगळे प्रश्न आणि त्यांची उत्तरं लिहून काढली, आणि तो कागद माझ्या झाकणाला आतून चिकटवला. वर पारदर्शक प्लास्टिक. पुस्तकाला घालतात तसं, एकही बुडबुडा न ठेवता.

"हे कशाला?" त्याने विचारलं.

"मी आजारी पडले तर अडायला नको."

"तू कशाला पडतेस आजारी?"

त्या कागदावर पहिलं असं होतं: 'मागच्या वर्षीची माहिती तशीच पुढे न्यायची का? – हो म्हणायचं. काम निम्मं होतं.' मग: 'घरात काही बदल झाला का? – नाही.' मध्ये कुठेतरी: 'परदेशात मालमत्ता? – नाही. (थट्टा करू नये.)' आणि सगळ्यात शेवटी: 'दोघांनी सगळं वाचलं का? – हो. (आधी खरंच वाचायचं.)'

या शेवटच्या प्रश्नाला ती लॅपटॉप त्याच्याकडे फिरवायची. तो ओठ हलवत पहिल्यापासून सगळं वाचायचा. मग परत तिच्याकडे. मग दोघं आपापल्या नावापुढे एकेकदा बोट टेकवायची. नऊ वर्षं हे असं चाललं.

ती गेली ती थंडी संपता संपता. तीन दिवस ताप, दोन दिवस दवाखाना. सहाव्या दिवशी त्याने दवाखान्यातून आणलेला कागद माझ्यात ठेवला. चार घड्या घालून, सगळ्यात तळाशी. झाकण लावताना नेहमीपेक्षा जास्त जोर दिला. माझा एक कोपरा तेव्हापासून चेपलेला आहे.

लेक परगावी शिवणाच्या कारखान्यात मुकादम आहे. ती म्हणाली, "बाबा, या वर्षीचं विवरण मी येऊन भरते."

"तुझ्या आईने सगळं लिहून ठेवलंय. मला वाचता येतं," तो म्हणाला. विषय संपला.

ठरलेला रविवार आला. त्याने टेबल पुसलं. मला मधोमध ठेवलं, झाकण भिंतीला टेकवून उघडं ठेवलं. आणि आयुष्यात पहिल्यांदा तो तिच्या खुर्चीत बसला. समोरची, त्याची स्वतःची खुर्ची, रिकामी राहिली.

एक बोट माझ्या झाकणावर, एक बोट यंत्रावर. पहिला प्रश्न. मागच्या वर्षीची माहिती तशीच पुढे न्यायची का? त्याने झाकणावर पाहिलं. हो म्हणायचं. त्याने हो म्हटलं.

यंत्राने सगळं आणून पुढ्यात ठेवलं. पत्ता, दुकानाचा नंबर, त्याचं नाव. त्याखाली तिचं नाव. तिथे तो थांबला. भर रस्त्यात ओळखीचं माणूस दिसावं तसा.

घरात काही बदल झाला का? झाकणावर तिच्या अक्षरात होतं, नाही. त्याचं बोट त्या अक्षरावर बराच वेळ होतं. मग त्याने यंत्रालाही तेच सांगितलं.

असं करत शेवटचा प्रश्न आला. दोघांनी सगळं वाचलं का? त्याने वाचलं, ओठ हलवत, पहिल्यापासून. मग लॅपटॉप उचलून समोरच्या रिकाम्या खुर्चीकडे फिरवला. हात गुडघ्यांवर ठेवले. तिला वाचायला लागायचा तेवढा वेळ तो बसून राहिला.

"झालं?" त्याने विचारलं.

मग लॅपटॉप आपल्याकडे घेतला आणि दोन्ही नावांपुढे हो केलं.

माझ्या तळाशी तो चार घड्यांचा कागद होता आणि झाकणावर तिचं 'नाही' होतं. एकाच डब्यात दोन्ही. खरं कुठलं, ते मला ठाऊक होतं. पण मी पडलो डबा. तोंड उघडं असून उपयोग काय?

दोन महिन्यांनी पत्र आलं. त्याने दुकानाच्या दारात उभं राहून ते वाचलं. विवरणात पत्नी हयात असल्याचं लिहिलं आहे. तिने स्वतः माहिती वाचून मान्य केल्याचंही लिहिलं आहे. आमच्या नोंदीप्रमाणे ती हयात नाही. खोटी माहिती दिल्याबद्दल आपलं म्हणणं कळवावं.

ते पत्र त्याने माझ्यात ठेवलं नाही. टेबलावर पालथं घातलं. वर पेला ठेवला. दोन दिवस दुकान उघडलं नाही. गल्लीतला न्हावी येऊन विचारून गेला, "काका, हातोडीचा आवाज नाही, बरंय ना?" याने दारातूनच मान हलवली.

तिसऱ्या दिवशी त्याने मला सुतळीने बांधलं, काखेत मारलं आणि कर कार्यालयात गेला. रांगेत अडीच तास उभा राहिला. कुणीतरी खुर्ची दिली, ती घेतली नाही. खिडकीत एक चष्मा लावलेली बाई होती. तिने पत्र पाहिलं, यंत्रात पाहिलं.

"काका, असं पुष्कळांचं होतं," ती म्हणाली.

"पुष्कळांचं मला सांगू नका. माझं सांगा. मी खोटा आहे का?"

"तसं नाही हो म्हणायचं–"

"यात तसंच लिहिलंय."

त्याने मला तिच्या पुढ्यात ठेवलं, सुतळी सोडली आणि झाकण उघडलं. माझं झाकण करकरलं. मागची रांग बघायला लागली. बाई झाकणावरचा कागद वाचायला लागली. 'थट्टा करू नये' इथे तिला जरा हसू आलं. शेवटपर्यंत गेली तेव्हा हसू राहिलं नव्हतं.

"हे त्यांचं अक्षर?"

"हो."

तिने चष्मा काढला, पुसला, परत घातला. मग हळू आवाजात म्हणाली, "काका, तुम्ही खोटे नाही. पण कागद खोटा आहे. तो दुरुस्त करावा लागेल. घरूनच होतं."

"दंड असेल तो घ्या. दुरुस्त नाही करायचं."

"दंडाने कागद खरा होत नाही ना."

हा त्याचाच नियम होता. फक्त दुसऱ्याच्या तोंडून आला होता.

रविवारी लेक आली. ती आईच्या खुर्चीत बसायला निघाली, मग त्याचा चेहरा पाहून स्टूल ओढून घेतलं. दुरुस्तीचं पान उघडलं. यंत्राने आधी कारण विचारलं. कारणांची यादी यंत्राचीच, आपण त्यातलं एक निवडायचं.

लेकीने वाचलं, "आकड्यात चूक. कागद उशिरा मिळाला. इतर."

"पुढं?"

"तीनच आहेत. आपलं 'इतर'मध्ये येईल."

"तुझी आई इतर?"

"बाबा..."

"नऊ वर्षं या यंत्राला तिने उत्तरं दिली. सरळ, न चुकता. आणि ती इतर?"

लेकीने ओढणीने डोळे पुसले आणि 'इतर' निवडलं. खाली चौकट उघडली, थोडक्यात लिहा म्हणून. तिने हात पुढे केला तर त्याने तो बाजूला सारला. "मी लिहितो." एका बोटाने, अक्षर शोधत शोधत, त्याने लिहिलं: 'बायको गेली. तिने लिहून ठेवलं होतं तसं मी हो म्हटलं. चूक माझी. तिची नाही.'

मग तारीख विचारली गेली. त्याने माझ्या तळातून तो चार घड्यांचा कागद काढला आणि लेकीला दिला. तारीख त्याला पाठ होती. पण ती त्याने तोंडाने सांगितली नाही.

लेक गेल्यावर त्याने पेन घेतलं आणि माझ्या झाकणावर उत्तर बदलायला बसला. प्लास्टिकवर शाई धरेना. तिने कव्हरच असं घातलेलं, की वरून काही लिहिताच येऊ नये. प्लास्टिकची कड नखाने उचलून पाहिली. थोडी उचलली गेली, तशी परत अंगठ्याने दाबून बसवली.

दुसऱ्या दिवशी मला दुकानात नेलं. जिथे जन्मलो त्याच ऐरणीवर ठेवलं. पत्र्यावर रेघ मारायची टोकदार सळई घेतली, आणि तिच्या कागदाच्या खाली, माझ्या उघड्या अंगावर, त्याने कोरलं. अक्षर वेडंवाकडं. 'मागच्या वर्षीचं तसंच न्यायचं का? – नाही.' खाली तारीख.

पत्र्यावरचं जस्त असं खरवडलं, की तिथे गंज धरतो. हे गिऱ्हाइकांना तो आयुष्यभर बजावत आला होता. "ओरखडा पडू देऊ नका, तिथूनच सडतो." तरी त्याने कोरलं. माझी तक्रार नाही. ज्याने केलं त्याचा तेवढा हक्क असतो.

या वर्षीचा रविवार मागच्याच आठवड्यात झाला. लेक आली होती. पहिला प्रश्न वाचून ती म्हणाली, "बाबा, आता हो म्हटलं तरी चालतं. मागच्या वर्षीची दुरुस्ती यात आलीय. परत सगळं भरायला नको. काम निम्मं होईल."

"निम्मं नकोय मला," तो म्हणाला. "नाही म्हण. एकेक विचार."

तिने एकेक विचारलं. तो समोरच्या खुर्चीत, गुडघ्यांवर हात. पत्ता सांगितला. धंदा सांगितला. परदेशातली मालमत्ता आली तेव्हा जरा थांबून नाही म्हणाला. मग जोडीदाराचा प्रश्न आला, आणि या वेळी तारीख त्याने तोंडाने सांगितली. स्पष्ट, एकदाच. मिशी हलली नाही.

गंज लागू नये म्हणून कागद गठ्ठा बांधून कपाटात गेले. मी फळीवर परत आलो. कोरलेल्या अक्षरांत आता तांबूस गंज उतरलाय. 'नाही'च्या कान्यातून तो वर चढतोय, तिच्या कागदाच्या दिशेने. प्लास्टिकपर्यंत पोहोचायला त्याला किती वर्षं लागतील, हे पत्रेवाल्याला अचूक ठाऊक आहे. तो रोज झाकण उघडून बघतो. तेल लावत नाही.

लेकी, पुढे कधीतरी मी तुझ्या हातात येईन. भंगारात द्यायचा तर खुशाल दे. पण त्याआधी कव्हराची कड सावकाश उचल आणि आईचा कागद सोडवून घे. उघडताना जोर लागेल. लागू दे.